अर्धवट कामांची वही: वाढत्या गुंतवणूक व्यवसायाचे कामकाज आणि तंत्रज्ञान

लातूर येथील एका म्युच्युअल फंड वितरकांनी विचारले आहे की, चार वर्षांत त्यांच्याकडील कुटुंबांची संख्या दोनशेवरून सातशेवर गेली, कार्यालयात सहा माणसे आहेत, नोंदी काही एक्सेलमध्ये तर काही व्हॉट्सअ‍ॅपवर विखुरलेल्या आहेत आणि आता कामे राहून जाऊ लागली आहेत. तर सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, कामकाज पाहण्यासाठी वेगळा माणूस नेमावा का, आणि ग्राहकांसाठी स्वतःचे अ‍ॅप असावे का? छत्रपती संभाजीनगरातील एका संस्थेचे कामकाज आणि तंत्रज्ञान मी सोळा वर्षांपासून सांभाळतो. जालना व परभणी येथे आमची लहान कार्यालये आहेत, आणि आपण ज्या टप्प्यावर उभे आहात तो टप्पा आम्ही बऱ्याच चुका करून ओलांडला आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

सॉफ्टवेअरचा प्रश्न आपण पहिला विचारला आहे, माझ्या मते तो तिसरा आहे. पहिला प्रश्न असा की, आज या घडीला आपल्या कार्यालयात किती कामे अर्धवट पडून आहेत, हे आपल्याला आकड्यात सांगता येते का? बहुतेकांना येत नाही, आम्हालाही येत नव्हते. व्यवसाय वाढतो तेव्हा नवी विक्री अडत नाही. अडते ते भिजत पडलेले घोंगडे. पत्ता बदलाचा अर्ज दिला पण पुढे काय झाले ते कोणी पाहिले नाही, वारसनोंद करायची ठरली पण सही राहिली, हप्ता थांबला आणि ग्राहकाने सहा महिन्यांनी फोन केला तेव्हा कळले. दोनशे कुटुंबे असताना ही सगळी कामे मालकाच्या डोक्यात मावतात. सातशे कुटुंबांना डोके पुरत नाही, आणि मालकाला ते मान्य करायला वर्ष-दोन वर्षे लागतात.

म्हणून एक महिना कोणतेही सॉफ्टवेअर न घेता एक साधी वही घाला. सर्वांना दिसेल असा एकच सामाईक तक्ता केलात तरी चालेल. ग्राहकाकडून आलेली प्रत्येक विनंती, ती फोनवरची असो, व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी संदेशातली असो की लग्नात भेटल्यावर कानावर घातलेली असो, एका ओळीत लिहायची: तारीख, कुटुंब, काम, ते कोणाकडे आहे, कधीपर्यंत व्हायचे आहे आणि कधी पूर्ण झाले. यात एकच नियम कडक पाळायचा. अर्ज जमा केला म्हणजे काम पूर्ण झाले असे धरायचे नाही. ग्राहकाच्या खात्यात पैसे आले किंवा त्याच्या हातात बदललेले विवरणपत्र पडले की मगच ओळ खोडायची. आम्ही हे प्रथम केले तेव्हा एक अप्रिय गोष्ट समोर आली. ज्या विलंबांबद्दल आम्ही वर्षानुवर्षे रजिस्ट्रारांना, म्हणजे फंडांच्या वतीने गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना, बोल लावत होतो, त्यांतील बहुतेक विलंब आमच्याच दोन टेबलांच्या मध्ये होत होते.

हे आता पूर्वीपेक्षा महागात पडते, कारण आपल्या व्यवसायाचे उत्पन्न बदलले आहे. ऑगस्ट २००९ मध्ये प्रवेशभार, म्हणजे गुंतवणूक करतानाच कापली जाणारी रक्कम, बंद झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बाजार नियामक सेबीने आगाऊ कमिशनही बंद करून सर्व मोबदला ट्रेल स्वरूपात, म्हणजे गुंतवणूक टिकेल तोपर्यंत थोडा थोडा, देण्यास सांगितले. पूर्वी अर्ज भरून घेतला की पैसे मिळत, नंतरची सेवा चांगली झाली तर ठीक. आता ग्राहक जितका काळ गुंतवणुकीत राहील तितका काळच आपली मिळकत राहते. ज्याला मागच्या खोलीतले कारकुनी काम म्हणून आपण कमी लेखतो, त्याच कामावर दुकान चालते.

वही महिनाभर चालली की आपल्या भागातील कामांचे स्वरूप दिसू लागते, आणि ते मुंबई-पुण्यातल्या संस्थांपेक्षा वेगळे आहे. नावांचेच पाहा. ‘ज्ञानोबा’ हे नाव पॅनकार्डावर डी अक्षराने सुरू होते, आधारवर जी अक्षराने. बँकेत आडनाव आधी आहे, सातबाऱ्यावर वडिलांचे नाव वगळले आहे, आणि पत्नीचे पॅनकार्ड माहेरच्या नावाचे आहे. १ एप्रिल २०२४ पासून केवायसीच्या (ग्राहकाची ओळख व पत्ता यांच्या पडताळणीच्या) स्थितीवर व्यवहार अवलंबून राहू लागले, आणि ‘व्हॅलिडेटेड’, ‘रजिस्टर्ड’, ‘ऑन होल्ड’ हे शब्द आमच्या कार्यालयात चहापेक्षा जास्त वेळा उच्चारले जाऊ लागले. ‘ऑन होल्ड’ असलेल्या ग्राहकाला पैसे काढायचे झाले तर तो दिवस त्याचाही वाईट जातो आणि आपलाही. त्यावर उपाय तंत्रज्ञानाचा नसून वेळेचा आहे: सर्व ग्राहकांची केवायसी स्थिती दर तिमाहीत एकदा काढायची, आणि ज्यांची अडलेली आहे त्यांना गरज पडण्याआधी बोलावून घ्यायचे. पत्त्यांतही तोच घोळ आहे. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी दोन्ही नावे वेगवेगळ्या कागदांवर आहेत. शोध घेताना दोन्ही नावांनी घ्यावा, नाहीतर निम्मे ग्राहक यादीतच येत नाहीत.

जन्मतारखेचा किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे पहिले सॉफ्टवेअर सुरू झाले आणि १ जूनला सकाळी त्याने इतक्या ग्राहकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या की कार्यालयाचा फोन थांबेना. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. शुभेच्छांपर्यंत हे हसण्यावारी जाते. पण जन्मतारीख कागदोपत्री जुळत नसेल तर केवायसी अडते, आणि मुलांच्या बाबतीत तर हा मुद्दा फार गंभीर होतो.

तो गंभीर का, हे लातूरकरांना समजावून सांगावे लागणार नाही. मुलाच्या नावाने दहा-बारा वर्षे जमवलेली रक्कम वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशासाठी लागते ती साधारणपणे बारावीच्या निकालानंतरच्या दोन-तीन महिन्यांत, आणि नेमके त्याच सुमारास मूल अठरा वर्षांचे झालेले असते. अठरा पूर्ण झाले की अज्ञानाच्या (अल्पवयीन मुलाच्या) नावाचा फोलिओ, म्हणजे फंडातील खाते, गोठतो. पालकाच्या सहीने पैसे निघत नाहीत आणि हप्तेही थांबतात. मुलाचे स्वतःचे पॅनकार्ड, केवायसी, बँक खाते आणि बँकेने साक्षांकित केलेली सही एवढे सगळे जुळवून फोलिओ त्याच्या नावे सज्ञान म्हणून नोंदवला की मगच तो उघडतो. हे सर्व करायला वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या फेरीची शेवटची तारीख थांबत नाही. एका शिक्षक दांपत्याला त्या आठवड्यात नातेवाइकांकडून उसने पैसे घ्यावे लागले, कारण आमच्याकडे मुलाची जन्मतारीख लिहिलेली होती पण तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. तेव्हापासून सतरा वर्षे सहा महिने पूर्ण झालेल्या मुलांची यादी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी निघते आणि पालकांना फोन जातो. कोणतेही सॉफ्टवेअर ही यादी काढू शकते. ती काढायची हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते.

बँकांचा भाग असाच. मराठवाड्यातील जुन्या ग्राहकांपैकी पुष्कळांची खाती स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती, आणि ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. ग्राहकाच्या लेखी विषय तिथे संपला, कारण त्याचे पासबुक बदलून मिळाले. फोलिओत मात्र जुन्या बँकेचे नाव आणि जुना आयएफएससी कोड तसाच राहिला. पुढे काही वर्षांनी एका ग्राहकाने रुग्णालयाच्या खर्चासाठी पैसे काढले, मधल्या काळात त्याने खातेही दुसऱ्या शाखेत हलवले होते, आणि रक्कम जाऊन परत फिरली. तो सगळा आठवडा मी स्वतः त्या एका कामामागे होतो. विलीनीकरणाची बातमी येते त्याच दिवशी त्या बँकेच्या सर्व ग्राहकांची यादी काढायची, हा धडा आम्ही त्यातून घेतला. २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणे झाली तेव्हा त्याचा उपयोग झाला.

मासिक हप्त्यांविषयी थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार एक तारखेलाच येईल असे धरून पाच तारखेचा हप्ता लावू नये. पंधरा किंवा वीस तारीख लावावी. मासिक हप्ता सलग तीन वेळा चुकला की एसआयपी, म्हणजे हप्त्याने चालणारी ती गुंतवणूक, रद्द होते, शिवाय बँक दरवेळी दंड आकारते ते वेगळेच. शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाला मासिक हप्त्याचा आग्रहच धरू नये. सोयाबीन विकले की एकरकमी, आणि उसाचे बिल आले की पुन्हा, असा त्यांचा रिवाज ठेवावा आणि त्या हंगामी फोनची आठवण आपल्या यंत्रणेत लावावी.

आता सुरक्षेकडे येतो, कारण वाढत्या संस्थेला सर्वांत मोठा धोका इथे असतो. पूर्वी अनेक वितरक सोयीसाठी ग्राहकाच्या जागी स्वतःचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक नोंदवत. ग्राहक खेड्यात राहतो, त्याला ओटीपी कळत नाही, हे कारण दिले जाई. तसे आपल्याकडे एकही खाते असेल तर वहीतील पहिले काम तेच समजावे आणि तो क्रमांक बदलून घ्यावा. जुलै २०२२ पासून ग्राहकाचा पैसा मध्यस्थाच्या खात्यातून फिरवण्यास बंदी आहे. पैसा ग्राहकाच्या खात्यातून थेट जातो आणि त्याच्याच नोंदवलेल्या खात्यात परत येतो. यामुळे नुसता पैसे काढण्याचा अर्ज फारसा धोक्याचा राहिलेला नाही. बँक खाते बदलण्याचा आणि मोबाइल क्रमांक बदलण्याचा, हे दोन अर्ज मात्र धोक्याचे आहेत. बँक बदलल्यानंतर पैसे काढण्यास काही दिवसांची थांबण्याची मुदत फंड घराणी ठेवतात ती उगाच नाही. आमच्याकडे हे दोन अर्ज एकाने भरायचे, दुसऱ्याने तपासायचे आणि तिसऱ्याने जुन्या क्रमांकावर फोन करून ग्राहकाशी बोलायचे असा नियम आहे, आणि त्याला मालकांचे मेहुणेही अपवाद नाहीत. आवाजी संदेशावरून कोणताही व्यवहार होत नाही. त्या संदेशावरून फक्त वहीत ओळ पडते.

मृत्यूनंतरच्या दाव्यांना मी सर्वांत अनुभवी माणूस देतो. नवीन ग्राहक आणण्यासाठी आपण चांगली माणसे पाठवतो आणि विधवेच्या कागदपत्रांसाठी नुकताच रुजू झालेला मुलगा पाठवतो, हे उलटे आहे. घनसावंगी तालुक्यातील एक बाई पतीच्या निधनानंतर आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत सात फंड घराण्यांची विवरणपत्रे होती. प्रत्येक ठिकाणी मृत्यू दाखला, त्यांची केवायसी, रद्द केलेला धनादेश आणि बँक व्यवस्थापकाने साक्षांकित केलेली सही लागणार होती. आणि त्यांची सही कापऱ्या हाताची असल्याने दरवेळी वेगळी येत होती. आमच्या परभणीच्या सहकाऱ्यांनी बँकेत त्यांच्या शेजारी बसून, घाई न करता, एकाच दिवशी सर्व अर्जांवर सह्या घेतल्या, आणि कोणत्या घराण्याकडे कोणता कागद कधी गेला याचे एक पान करून त्यांच्याच पिशवीत ठेवले. सॉफ्टवेअरने या कामात मदत केली ती एवढीच की सातही फोलिओ एका ठिकाणी सापडले. एवढी मदतही मोठी असते, कारण एखादा फोलिओ सापडला नसता तर तो कायमचा राहिला असता.

हे सर्व सांगितल्यावर सॉफ्टवेअरकडे वळतो. ते हवेच, यात शंका नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात एका फंड घराण्याने सहा कर्जरोखे योजना एकाच रात्री गुंडाळल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या कोणत्या ग्राहकाचे त्यांत किती पैसे आहेत ही माहिती गारखेड्यातील कुलूपबंद कार्यालयातल्या एका संगणकावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले आणि मी प्रत्येकाला ‘पाहून सांगतो’ एवढेच म्हणू शकत होतो. पोलिसांची परवानगी काढून तो संगणक घरी आणीपर्यंत जे दिवस गेले, त्यानंतर नोंदी कार्यालयाबाहेरूनही उघडतील अशा ठिकाणी ठेवण्याबद्दल आमच्यात वाद झाला नाही.

निवड करताना विक्रेत्याचे सादरीकरण पाहू नका, त्याला आपली पाच कुटुंबे द्या, तीही मुद्दाम अवघड निवडून: ज्यातील एक धारक वारला आहे असे एक, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने गुंतवणूक असलेले एक, मूल नुकतेच सज्ञान झालेले एक, ज्याच्या योजनेचे दुसऱ्या योजनेत विलीनीकरण झाले असे एक, आणि दुसऱ्या वितरकाकडून आपल्याकडे आलेले एक. शेवटचे सर्वांत अवघड, कारण जुन्या खरेदीचा तपशील रजिस्ट्रारकडून आलेल्या फाइलमध्ये कित्येकदा अपुरा असतो आणि सॉफ्टवेअर मग ग्राहक आला ती तारीखच खरेदीची धरते. अशा नोंदीवर भांडवली नफ्याचा अहवाल काढला तर तो सरळ चुकीचा निघतो. त्यात जुन्या इक्विटी (समभाग) खरेदीसाठी धरला जाणारा ३१ जानेवारी २०१८ चा भाव, १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या कर्जरोखे योजनांचा वेगळा नियम आणि २३ जुलै २०२४ रोजी बदललेले कराचे दर, हे सगळे त्या एका अहवालात यावे लागते. पाच कुटुंबांचे आकडे कॅम्स आणि केफिनटेक या रजिस्ट्रारांच्या विवरणपत्रांशी युनिटच्या तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले तर पुढे बोला. करार करताना, सोडून जायचे झाल्यास आपला संपूर्ण डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, हे लेखी घ्या. आम्ही हे पहिल्या वेळी घेतले नव्हते, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जाताना दोन मुलींनी चार महिने बसून जुन्या नोंदी हाताने उतरवल्या.

सुरुवातीचे तीन महिने जुनी एक्सेल आणि नवे सॉफ्टवेअर दोन्ही चालवावे लागतील. सर्वजण कुरकुर करतील, करू द्या. त्यानंतर एक्सेल खरोखर बंद करा. दोन्ही चालू राहिली तर माणसे आपापल्या जुन्या फाइलवरच विश्वास ठेवतात आणि पहिले पाढे पंचावन्न. रजिस्ट्रारच्या फाइल रोज चढवणे आणि महिनाअखेर शिल्लक युनिटचा मेळ घालणे, ही दोन कामे एका ठरावीक माणसाच्या नावावर असावीत आणि तो रजेवर असताना दुसऱ्याला ती येत असावीत.

वेगळा माणूस नेमावा का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय, आणि सॉफ्टवेअरच्या आधी’ असे आहे. सॉफ्टवेअर निवडण्याचे काम त्याच माणसाने करावे, कारण ते त्यालाच वापरायचे आहे. पण नुसता माणूस नेमून भागत नाही. त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार द्यावा लागतो. दुपारी पावणेतीनला जालन्याच्या व्यापाऱ्याचा फोन येतो की आजच्याच भावाने पैसे लावा. विक्रीवाला सहकारी ‘होऊन जाईल’ म्हणून मोकळा होतो. फेब्रुवारी २०२१ पासून बहुतेक योजनांत रक्कम लहान असो की मोठी, तीन वाजेपर्यंत पैसे फंडाच्या खात्यात पोहोचले तरच त्या दिवसाचा भाव मिळतो. अशा वेळी ‘उद्याचा भाव मिळेल, हे ग्राहकाला आत्ताच सांगा’ असे कामकाजाच्या माणसाने म्हटले तर मालकांनी त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. मालक दोनदा विक्रीच्या बाजूने झुकले की तिसऱ्यांदा तो माणूस बोलत नाही, आणि सहा महिन्यांनी पुण्याला नोकरी धरतो. जाताना त्याच्या डोक्यातील सगळी कार्यपद्धती सोबत जाते. म्हणून प्रत्येक कामाची कृती मराठीत, एका पानावर, जो ते काम करतो त्याच्याकडूनच लिहून घ्यावी.

पगाराबाबत एक व्यवहाराची गोष्ट. ट्रेलचे उत्पन्न बाजाराबरोबर खाली येते, पगार आणि सॉफ्टवेअरचे भाडे येत नाही. मार्च २०२० सारखा महिना डोळ्यांसमोर ठेवून, उत्पन्न एक तृतीयांशाने घटले तरी वर्षभर चालेल इतकाच पक्का खर्च अंगावर घ्यावा.

स्वतःचे अ‍ॅप आज करू नका. आपल्या ग्राहकांपैकी बहुसंख्य लोक अ‍ॅप एकदा उतरवतील आणि पासवर्ड विसरतील. त्यांना हवे असते ते व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे, कुटुंबाची एकूण रक्कम वरच लिहिलेले, मराठीतले एक पान. ते पान नीट निघते का, हे पाहण्यासाठी विक्रेत्याला ‘ज्ञानोबा’, ‘श्रीकृष्ण’ आणि ‘दुर्योधन’ ही तीन नावे मराठीत छापून दाखवायला सांगा. आम्हाला एका विक्रेत्याने पाठवलेल्या नमुन्यात ‘ज्ञ’च्या जागी चौकोन होता आणि ‘र्यो’चा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला होता, तो दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात यावरूनच पुढे त्यांची सेवा कशी मिळेल याचा अंदाज आला, आणि आम्ही आगाऊ रक्कम दिली नाही.